ढगांत बुडवलेली टाकी

जुलै १९७७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावच्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने तीन काळ्या पुस्तिकांची एक पेटी बाजारात आणली. खेळाचे नाव ‘ट्रॅव्हलर’, मुख्य रचनाकार मार्क मिलर. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकाने पंच व्हायचे, बाकीच्यांनी कुणी कप्तान, कुणी इंजिनिअर, कुणी निवृत्त सैनिक व्हायचे, आणि नशीब फाशांवर सोडून ताऱ्याताऱ्यांतून हिंडायचे. दुसरी पुस्तिका जहाजांची होती, आणि तिच्यातला इंधनाचा नियम असा: एक पारसेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांची, उडी मारायची तर जहाजाच्या एकूण आकारमानाचा दहावा हिस्सा द्रवरूप हायड्रोजन खर्च होणार, दोन पारसेकला दुप्पट, सहा पारसेकची, सर्वांत लांबची उडी मारायची तर निम्म्याहून अधिक जहाज म्हणजे नुसती टाकी. उडी कितीही लांब असो, लागणार साधारण एक आठवडा. टाकी पुन्हा भरण्याचे मार्ग तीन. चांगल्या बंदरात शुद्ध इंधन टनाला ५०० क्रेडिट देऊन घ्या, साध्या बंदरात कच्चे इंधन १०० क्रेडिटला घ्या, नाहीतर गुरू-शनीसारख्या एखाद्या वायुमय महाग्रहाच्या वातावरणात जहाज बुडवून फुकट भरून घ्या. या नियमावर पुढची अनेक वर्षे भौतिकशास्त्राच्या अंगाने वाद झाले. माझ्या मते ते वाद चुकीच्या घरी जाऊन पत्ता विचारणारे आहेत. नियमाचे कूळ प्रयोगशाळेतले नाही. ते कोळशाच्या वखारीतले आहे.

पहिला पुरावा कंपनीच्या धंद्यातच सापडतो. ही मंडळी मुळात युद्धखेळ बनवणारी. ट्रॅव्हलरच्या चार वर्षे आधी, १९७३ मध्ये, मिलर आणि जॉन हार्शमन यांनी ‘ट्रायप्लॅनेटरी’ नावाचा पटावरचा खेळ काढला होता. त्यात सूर्यमालेत जहाजे फिरत, आणि वेग वा दिशा बदलायची तर प्रत्येक बदलाला मोजून इंधन जाई. इंधन संपले की जहाज आपल्याच वेगाने सरळ भरकटत राही, तळ गाठल्याशिवाय टाकी भरत नसे. म्हणजे इंधनाची वही या रचनाकारांच्या हातात आधीपासूनच होती. त्या काळच्या अमेरिकी युद्धखेळांना रसदीचे वेडच होते. ट्रॅव्हलरनंतर दोनच वर्षांनी आलेल्या ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ या अवाढव्य खेळात साठवलेल्या पेट्रोलची वाफ होण्याचा दर ठरलेला होता आणि इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जादा पाणी द्यावे लागे. (हा खेळ कुणी शेवटपर्यंत खेळला असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही.) या परंपरेत वाढलेल्या माणसाने ताऱ्यांमधला प्रवास लिहायला घेतला, तर तो आधी विचारणार: किती माल, किती इंधन, आणि पुढचा तळ किती लांब?

हा प्रश्न मुंबईला अनोळखी नाही. मुंबईत वाडिया कारागिरांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझच्या वाटेला लागली. तिच्या कोठारात कोळसा मावे साडेपाच दिवसांचा, आणि एडनपर्यंतची वाट निघाली अकरा दिवसांची. मग कोळसा कोठाराबाहेर, प्रवाशांच्या आणि मालाच्या जागेत रचावा लागला. बोट पाण्यात खोल बसून निघाली, आणि एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. बोट गेली, पण प्रवासी आणि माल न्यायला जागा उरली नाही. पोहोचली, पण धंदा म्हणून आतबट्ट्यात. १८३९ मध्ये कंपनी सरकारने एडनच ताब्यात घेतले, त्यामागच्या कारणांत कोळशाच्या ठाण्याची गरज मोठी होती. ट्रॅव्हलरमधला दहा टक्क्यांचा नियम हाच हिशेब वेगळ्या आकड्यांत मांडतो. लांब जायचे तर माल कमी, माल न्यायचा तर ठाणी जवळजवळ. खेळातले जहाज मोजण्याचे मापसुद्धा इंधनाचेच आहे: तिथला ‘टन’ म्हणजे एक टन द्रवरूप हायड्रोजन मावेल एवढी जागा, सुमारे १४ घनमीटर. युरोपात जहाजाची क्षमता एके काळी मद्याच्या पिंपांवरून मोजत. इथे ती टाकीवरून मोजली जाते. इंधन हेच जहाजाचे माप ठरावे, यापेक्षा उघड कबुली नियमपुस्तकाकडून मिळणार नाही.

तिसरा मार्ग, फुकटचा, मात्र कोळशाच्या वंशातला नाही. आगबोटीच्या कप्तानाला समुद्रातून कोळसा उपसता येत नव्हता. मिसिसिपीवरच्या आगबोटी काठावरचे लाकूड तोडून जाळत, तेवढाच काय तो अपवाद. १९०४-०५ मध्ये रशियाचा बाल्टिक आरमारी ताफा अर्धे जग वळसा घालून जपानशी लढायला निघाला, तेव्हा अ‍ॅडमिरल रोझेस्तवेन्स्कीला जर्मन कंपनीच्या कोळसावाहू बोटींवर विसंबावे लागले. डकार, मादागास्कर, काम रान्ह असे जिथे कुणी उभे राहू देईल तिथे, तटस्थ राष्ट्रांची मर्जी सांभाळत, डेकवरसुद्धा कोळसा रचून तो ताफा पुढे सरकला आणि मे १९०५ मध्ये त्सुशिमाला बुडाला. ज्याचे ठाणे त्याचा समुद्र, हा कोळशाच्या युगाचा कायदा होता.

तो कायदा मोडण्याची कल्पना अभियंत्यांकडून आली. १९५९ मध्ये स्टर्ज डिमेट्रियाडिस याने असे यान सुचवले, जे पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरातून फिरत हवा गोळा करील आणि तिचेच इंधन साठवील. १९६० मध्ये रॉबर्ट बसार्डने ताऱ्यांमधल्या पोकळीतला विरळ हायड्रोजन चुंबकीय क्षेत्राने ओढून जाळत जाणारे यान मांडले. विज्ञानकथाकारांनी ते लगेच उचलले. ट्रॅव्हलर लिहिला जात असताना ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीचा ‘डीडॅलस’ प्रकल्प (१९७३-७८) चालू होता. बर्नार्डच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या त्या कागदावरच्या यानाला ५० हजार टन इंधन लागणार होते आणि त्यातले हीलियम-३ गुरूच्या वातावरणात तरंगणारे कारखाने सोडून वीस वर्षे गोळा करायचे होते. डीडॅलसचा अंतिम अहवाल खेळानंतर आला, म्हणून एकाने दुसऱ्याचे घेतले असे मी म्हणत नाही. फरक लक्षात घेण्याजोगा आहे. अभियंत्यांना वाटेतले इंधन हवे होते ते अंतर कापण्यासाठी. एरवी यान इतके जड होते की ते हलेच ना. ट्रॅव्हलरने तेच इंधन दिले ते कुणाच्या परवानगीवाचून जाता यावे म्हणून. रोझेस्तवेन्स्कीला जे मिळाले नाही, ते इथे खेळाडूला मिळते.

पण फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे, आणि इथेच नियमाची खरी कारागिरी आहे. खेळातले सर्वसाधारण व्यापारी जहाज, ‘फ्री ट्रेडर’, २०० टनांचे. एका वेळी एक पारसेक उडणारे. ८२ टन माल नेणारे. किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट, आणि कर्जाचा हप्ता दरमहा १,५४,५००. महिन्यात दोन उड्या धरल्या तर विजेच्या संचासकट ५० टन हायड्रोजन लागतो. शुद्ध घेतला तर २५ हजार क्रेडिट, म्हणजे हप्त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढे. तेवढे वाचवायला कप्तान महाग्रहाकडे वळेल? गुरूएवढ्या अंतरावर, ६० कोटी किलोमीटर, एक ‘जी’च्या, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या, प्रवेगाने निम्मी वाट वेग वाढवत आणि निम्मी घटवत गेले तरी साडेपाच दिवसांहून अधिक लागतात. माल मुख्य ग्रहावर, इंधन भलतीकडे, आणि हप्त्याची तारीख थांबत नाही. शिवाय हे इंधन कच्चे. साध्या इंजिनात ते घातले तर बिघाडाची आणि उडी चुकण्याची शक्यता वाढते, आणि चुकलेली उडी जहाजाला ३६ पारसेकपर्यंत कुठेही फेकू शकते. म्हणून शहाणा व्यापारी मुकाट्याने बंदरात पैसे मोजतो. टाकी बुडवतो तो ज्याला बंदरात काम नाही किंवा तोंड दाखवायचे नाही: टेहळणीचे जहाज, चाचा, हप्ता थकवून पळालेला कप्तान, शत्रूच्या हद्दीत घुसलेले आरमार. टेहळणीच्या आणि लष्करी जहाजांची इंजिने कच्च्या इंधनावर चालतील अशी बांधलेली असतात, हे नियमात मुद्दाम सांगितले आहे. एकाच तक्त्याने गिऱ्हाईक आणि बंडखोर वेगळे काढले.

आरमाराचे पुढचे पुस्तक १९७९ मध्ये आले, त्याचे नाव ‘हाय गार्ड’. महाग्रहाच्या ढगांत शिरून इंधन ओढणारी जहाजे त्या वेळी सर्वांत दुबळी असतात: खाली, ग्रहाच्या ओढीत, नीट वळताही न येणारी. म्हणून ताफ्यातला काही भाग वरच्या कक्षेत पहाऱ्यावर ठेवतात. तोच हा उंचावरचा पहारा. एका खेळाच्या सबंध आरमारी पुस्तकाला टाकी भरण्याच्या वेळच्या पहाऱ्याचे नाव मिळावे, यात त्या नियमाचे वजन दिसते. आता महाग्रह असलेली सूर्यमाला म्हणजे लढाईची जागा झाली. नकाशावर महाग्रहाची खूण म्हणून एक छोटा ठिपका छापलेला असतो. खेळाडू ग्रहाचे नाव वाचण्याआधी तो ठिपका शोधतात.

आता भौतिकशास्त्राच्या हरकती. पहिली अशी की एवढा हायड्रोजन लागतोच कशाला? हरकत रास्त आहे. फ्री ट्रेडरच्या एका उडीचा २० टन हायड्रोजन पूर्णपणे हीलियममध्ये बदलला, तर निघणारी ऊर्जा साऱ्या जगाच्या सुमारे आठवडाभराच्या ऊर्जावापराएवढी भरते. पुढच्या आवृत्त्यांनी सारवासारव केली: हायड्रोजन जळत नाही, तो उडीच्या वेळी जहाजाभोवती बुडबुडा म्हणून पसरतो, वगैरे. मला ही सारवासारव अनावश्यक वाटते. उडीच मुळात कल्पित आहे. तिचा खर्च किती, हे ठरवण्याचा हक्क रचनाकाराचा. दुसरी हरकत अधिक बोचरी आहे, कारण महाग्रह कल्पित नाहीत. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ मोहिमेचे उपयान सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरले. त्याला पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सव्वादोनशे पटींहून अधिक धक्का बसला, त्याच्या उष्णतारोधक कवचाचा मोठा भाग जळून गेला, आणि तासाभरात ते निकामी झाले. गुरूच्या ढगांवर गुरुत्व पृथ्वीच्या अडीच पट, तिथून सुटण्याचा वेग सेकंदाला साठ किलोमीटरच्या आसपास. एक ‘जी’चे व्यापारी जहाज तिथे तरंगत उभे राहूच शकत नाही. घिरटीच्या वेगाने वरच्या विरळ थराला चाटून जावे म्हटले, तरी आत घेतलेला प्रत्येक किलो वायू जहाजाला मागे ढकलतो. शनी आणि युरेनसवर गुरुत्व पृथ्वीच्या जवळपास असल्याने काम थोडे सोपे, तरी वेगाची अडचण राहतेच. ही हरकत मी मान्य करतो. पण तिने नियमाची उपज खोटी ठरत नाही. उलट, तो कुठून आला नाही हे कळते. ज्याला गुरूचे गणित करून नियम काढायचा होता, त्याने हा धोका कच्च्या इंधनाच्या फाशावर न टाकता उतरण्याच्या फाशावर टाकला असता.

राहिली खेळाडूंची तक्रार: हिशेब कंटाळवाणा आहे, आणि कितीतरी टेबलांवर तो सोडूनच देतात. सोडून द्यायला हरकत नाही, पण मग नकाशाचे काय होते ते पाहावे. कुठूनही कुठेही जाता आले की ग्रहांची नुसती यादी उरते. एकेक पारसेकच्या अंतराने ओळीने लागलेले तारे, ज्यांवरून छोटी जहाजे टप्प्याटप्प्याने जाऊ शकतात, ते व्यापाराचे रस्ते झाले ते टाकीच्या मर्यादेमुळे. जिथे महाग्रह नाही, बंदरही नाही अशी जागा वाळवंट झाली तीही त्यामुळेच. नंतरच्या रचनाकारांनी हायड्रोजन टाकला, मर्यादा मात्र ठेवली. त्याच कंपनीच्या १९८६ च्या ‘ट्रॅव्हलर २३००’मध्ये इंधनाची टाकी बिनमहत्त्वाची, पण ७.७ प्रकाशवर्षांनंतर इंजिन एखाद्या मोठ्या गोलाच्या गुरुत्वात नेऊन मोकळे करावेच लागते. ट्रॅव्हलरसाठी साहस-पुस्तिका आणि नकाशे काढून धंद्यात उतरलेल्या ‘फासा’ कंपनीने १९८४ मध्ये ‘बॅटलटेक’ काढले. तिथले जहाज जास्तीत जास्त ३० प्रकाशवर्षे उडते आणि मग काही दिवस भलेमोठे शीड पसरून ताऱ्याच्या उजेडावर भरत बसते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा संगणकावरचा ‘एलिट’ आला. तिथे टाकी सात प्रकाशवर्षांची, आणि ५२५ क्रेडिटचे ओढयंत्र बसवले की सूर्याच्या अगदी जवळून जात इंधन फुकट. कॅबिनचे तापमान वाढत जाते, टाकी भरत जाते, आणि किती वेळ थांबायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे.