गावाला आधी काय पाहिजे? आरोग्याच्या प्राधान्यक्रमात गावकऱ्यांचं मत असं नोंदवता येतं

नागपूर : ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बहुतेक गावांत सिमेंट रस्ता, नाली, सभामंडप आणि पथदिवे वरच्या ओळींत दिसतात. आरोग्य असलंच तर तळाशी, 'शिबिर घेणे' एवढ्या दोन शब्दांत. गावात बिमारी नाही म्हणून असं होत नाही. यादी ठरते त्या दिवशी आजारी माणूस, त्याला सांभाळणारी सून आणि रोजावर गेलेली बाई सभेत नसते, म्हणून होतं.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला घेण्याची पद्धत आहे. यातली २ ऑक्टोबरची सभा आपल्या भागात नेमकी सोयाबीन सोंगणीच्या हंगामात येते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पंधरावीस जणांनी हात वर केले तरी ते गावाचं मत म्हणून रजिस्टरला चढू शकतं.

कोणाला विचारलं आणि कसं विचारलं, यावर उत्तर किती बदलतं याचं ठळक उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ६५० बायांची तपासणी केली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया १०० मागे जेमतेम ८ होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, असंच सरकारी योजनांचं गणित होतं. पुरुष बसलेल्या सभेत पांढऱ्या पाण्याचा त्रास कोणती बाई सांगणार?

याच संस्थेनं दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, तेव्हा त्यांची अडचण औषधांपेक्षा वेगळीच निघाली. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे पाहून मेलेल्या माणसाचं कापड आठवतं, नातेवाइकांना सोबत राहता येत नाही. मग झोपड्यांच्या धर्तीवर, घरचे लोक सोबत राहतील असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं गेलं.

सरकारी पातळीवर लोकांचं मत घेण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात २००७ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली ही 'लोकाधारित देखरेख व नियोजन' प्रक्रिया. पहिल्या पाच जिल्ह्यांत नागपूरला लागून असलेला अमरावती होता. सोबत नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. राज्यात समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं. गावातली माणसं ठरलेले प्रश्न विचारत. नर्सबाई गावात येते काय, औषधं मिळतात काय, दवाखान्यात वरून पैसे मागितले जातात काय? उत्तरांवरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देऊन गावाचं प्रगतिपत्रक तयार होई. मग जनसुनावणी. तिथं अधिकाऱ्यांना गावकऱ्यांसमोर बसून उत्तर द्यावं लागे. कागदी अर्जापेक्षा याचा धाक जास्त.

तुमच्या गावात अशी सुनावणी होत नसली तरी दारं बंद नाहीत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे, हेही खरं. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. सरपंच-सदस्य, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि नर्स तिच्यात असतात. तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी देण्याची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुग्ण कल्याण समिती असते. आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा किंवा दिव्यांग लेकराचा विषय निघाला की 'निधी नाही' हे उत्तर लगेच येतं, तेव्हा हा ५ टक्क्यांचा हिशेब मागावा.

मागणी कोणाकडे करायची हेही पाहावं लागतं. नवं आरोग्य केंद्र मागितलं तर लोकसंख्येचा निकष आडवा येतो : सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र, तर उपकेंद्रासाठी ५,००० आणि ३,०००. तो निर्णय सरकारचा. पण रात्री डॉक्टर मुक्कामी नसणं, सर्पदंशाची लस संपणं, उपकेंद्राला कुलूप असणं याचा जाब तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेला विचारता येतो. उपकेंद्राला पाणी नसेल तर ते ग्रामपंचायतीनंच करायचं काम.

मत घ्यायची सोपी रीत चिंचोक्यांची आहे. जमिनीवर अडचणींची चित्रं मांडायची आणि प्रत्येकाला दहा चिंचोके द्यायचे. ज्याला जी अडचण मोठी वाटते तिथं त्यानं जास्त ठेवायचे. लिहिता-वाचता येणं लागत नाही, बोलायचीही गरज पडत नाही. बाया, मजूर आणि म्हातारे यांचे ढीग मात्र वेगळे मोजावेत, कारण एकत्र केले की पुरुषांचीच यादी वर येते. सिकलसेलसारख्या आजाराचं तर चित्रही चारचौघांत कोणी निवडणार नाही. लेकराचं लग्न अडेल ही भीती असते. रामटेक, पारशिवनीच्या आदिवासी पट्ट्यात आणि इतरत्रही ही गोष्ट आशाताईनं घरी जाऊन विचारलेली बरी. सभेत नावं न घेता फक्त आकडा सांगायचा.

निघालेलं मत महिला सभेच्या इतिवृत्तात आणि मग ग्रामसभेच्या ठरावात आलं पाहिजे. ठरावात काम, खर्च कोणत्या निधीतून आणि जबाबदार कोण, हे तिन्ही लिहून घ्यावं. ठरावाची प्रत ग्रामपंचायतीकडून मागून मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं जातं, त्याच वेळी त्या ठरावाचं काय झालं ते विचारावं.