भय आणि विश्वास : ग्रेसलिन स्मॉलवूड यांचे कार्य

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिताना लशी, औषधे आणि इस्पितळे यांची नोंद सहज होते. रोग्याने दवाखान्याची पायरी का चढली, अथवा का चढली नाही, हा प्रश्न मात्र बहुधा समासातच राहतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजात एचआयव्ही-प्रतिबंधाचे काम उभे करणाऱ्या परिचारिका ग्रेसलिन स्मॉलवूड यांची कारकीर्द या प्रश्नासाठी मुळातून पाहण्याजोगी आहे.

स्मॉलवूड यांचा जन्म १९५१ साली क्वीन्सलँड प्रांतातील टाऊन्सव्हिल या बंदराच्या गावी झाला. बिरी-गुब्बा आणि कल्काडून या आदिवासी कुळांशी त्यांचे नाते आहे. शिवाय दक्षिण समुद्रातील बेटांवरून उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या मजुरांचे रक्तही त्यांच्या घराण्यात आहे. १८६३ ते १९०४ या काळात असे साठ हजारांहून अधिक मजूर क्वीन्सलँडमध्ये आणले गेले. त्यांतील अनेकांना फसवून वा बळजबरीने जहाजावर चढविले होते. मॉरिशस आणि फिजीच्या गिरमिटियांची कहाणी ज्यांनी वाचली आहे त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही.

टाऊन्सव्हिलसमोरच्या समुद्रात पाम बेट आहे. क्वीन्सलँडच्या १८९७च्या कायद्याने आदिवासींच्या 'संरक्षणा'च्या नावाखाली त्यांना कोठेही हलविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. कोणी कोठे राहावे, कोणी कोणाशी विवाह करावा, मजुरीचे पैसे कोणाच्या हाती द्यावेत, हे सारे अधिकारी ठरवीत. १९१८ पासून पाम बेटावर दूरदूरच्या टोळ्यांतील माणसे आणून ठेवण्यात आली. त्याच्या शेजारच्या फँटोम नावाच्या लहान बेटावर १९२८ साली गुप्तरोगांसाठी बंदिस्त रुग्णालय सुरू झाले. पुढे तेथेच कुष्ठरुग्णांची वसाहत झाली आणि ती १९७३ पर्यंत चालली. पश्चिम ऑस्ट्रेलियात याआधीच, १९०८ ते १९१९ या काळात, गुप्तरोगाच्या संशयावरून आदिवासी पुरुषांना बर्निये बेटावर आणि स्त्रियांना डोर बेटावर डांबले जात असे. अनेकांना तेथवर साखळदंड घालून नेले गेले आणि कित्येक जण परतले नाहीत.

अशा समाजात 'तपासणीला या' या साध्या वाक्याचा अर्थ काय होत असेल याची कल्पना करता येते. पांढऱ्या झग्यातील माणूस आणि पोलीस एकाच बोटीतून येतात हे दोन-तीन पिढ्यांनी पाहिले होते. रोग लपविणे हे तेथे अनुभवाने शिकविलेले शहाणपण होते.

१९७०च्या दशकात स्मॉलवूड परिचारिका आणि सुईण म्हणून काम करू लागल्या. तो काळ जागृतीचा होता. १९६७च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींची गणना देशाच्या जनगणनेत करण्यास आणि केंद्र सरकारला त्यांच्यासाठी कायदे करू देण्यास संमती दिली होती. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतः चालविलेला पहिला दवाखाना उघडला, आणि आपल्या आरोग्याचा कारभार आपल्या हाती असावा हा विचार इतरत्र पसरू लागला. स्मॉलवूड यांचे पुढील सारे काम या विचाराच्या पायावर उभे आहे.

१९८७च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दूरचित्रवाणीवर एड्सविषयी एक जाहिरात झळकली. हातात विळा घेतलेला, सांगाड्यासारखा काळपुरुष बॉलिंगच्या खेळातील सोंगट्यांप्रमाणे स्त्रीपुरुष आणि मुले उडवीत आहे, असे ते दृश्य होते. देश हादरला, परंतु नेमके काय करावे हे त्या भीतीतून थोड्यांनाच उमगले. ज्या लोकांच्या आठवणीत रोगाचा अर्थ बेटावरची कैद असा होता, त्यांना आणखी एका काळपुरुषाची गरज नव्हती. त्यातच क्वीन्सलँडचे तत्कालीन सरकार इतके कर्मठ होते की, त्याच वर्षी विद्यापीठांतील निरोधची यंत्रे पोलिसांनी काढून नेली.

याच वर्षी टाऊन्सव्हिलमधील आदिवासी आरोग्यसेवकांनी, स्मॉलवूड यांच्या पुढाकाराने, 'कॉन्डोमॅन' हा चित्रनायक जन्मास घातला. आदिवासी ध्वजाच्या काळ्या, तांबड्या आणि पिवळ्या रंगांतील हा बुरखाधारी वीर सावळ्या वर्णाचा आहे आणि हातात निरोधचे पाकीट घेऊन उभा आहे. ज्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधील 'वेताळ' वाचला आहे त्यांना त्याचे रूप पाहताच ओळख पटेल. 'फँटम'ची चित्रमालिका ऑस्ट्रेलियातही फार लोकप्रिय होती. भित्तिपत्रकावरील घोषवाक्याचा आशय होता : लाज सोड, धीट हो. आदिवासींच्या इंग्रजीत 'शेम' या शब्दात चारचौघांत वेगळे पडण्याचा संकोच, आप्तांसमोरची मर्यादा आणि अपमानाची धास्ती असे सारेच येते. त्या एका शब्दावर बोट ठेवणे बाहेरच्या जाहिरातदारास सुचले नसते. निरोधसाठीही वैद्यकीय संज्ञा न वापरता गल्लीत चालणारा 'फ्रेंची' हाच शब्द घेतला. आपल्याकडे १९६८ साली सरकारने काढलेल्या 'निरोध' या नावाने तो विषय घराघरांत बोलण्याजोगा केला, त्याची येथे आठवण होते. सरकारी पत्रकांनी जे साधले नाही ते या हसऱ्या चित्राने साधले, कारण ते पाहून माणसे आधी हसली आणि मग बोलू लागली.

या कामाची दखल १९९२ साली 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' या सन्मानाने घेतली गेली. २०११ मध्ये जेम्स कुक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता मानवी हक्क आणि मूळ ऑस्ट्रेलियनांचे स्वास्थ्य. २०१४ साली आदिवासींच्या राष्ट्रीय सप्ताहात त्या वर्षातील श्रेष्ठ व्यक्ती म्हणून त्यांचा गौरव झाला. मानसन्मान मिळाल्यावरही कोठडीतील मृत्यू, वर्णद्वेष आणि दारिद्र्य यांविषयी त्या तितक्याच परखडपणे बोलत राहिल्या. आरोग्य आणि न्याय यांची फारकत करता येत नाही, ही त्यांची धारणा होती.

या धारणेची प्रचीती आपल्या भूमीतही आली आहे. १९८९च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्हीची लागण उघड होताच, पोलिसांनी ताब्यात घेतले आणि म्हापसा येथील क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. तेव्हा गोव्याचा कायदाच तसा होता. या बंदिवासाने लागण थांबली नाही. लोकांना तपासणीचे भय मात्र वाटू लागले. डिसोझा यांनी पुढे बाधितांसाठी संस्था उभारण्याचे काम हाती घेतले आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच आरोग्यशिक्षिका केले. १९९६ पासून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' या नावाने त्या स्त्रिया संघटित झाल्या. हे काम सीमा ओलांडून निपाणीपर्यंत पोहोचले. टाऊन्सव्हिल आणि सांगली यांचा परस्परांशी संबंध नव्हता, तरी ज्याचे दुखणे त्याच्याच मुखातून उपाय सांगितला जावा, हे सूत्र दोन्हीकडे एकच होते.

विजय कायमचा नसतो, हेही या इतिहासाने दाखविले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये एचआयव्हीच्या नव्या नोंदींचे प्रमाण बराच काळ इतरांच्या जवळपासच राहिले होते. २०१६ साली मात्र ते ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या इतर नागरिकांच्या दुपटीहून अधिक झाले. तत्पूर्वी २००९ मध्ये क्वीन्सलँडमध्ये कॉन्डोमॅन नव्या रूपात पुन्हा लोकांसमोर आणला गेला, आणि या वेळी त्याच्या जोडीला एक स्त्री-नायिकाही होती. प्रत्येक पिढीला तिच्या बोलीत, तिच्या ओळखीच्या माणसाने तेच पुन्हा सांगावे लागते.

औषधे आज उत्तम आहेत. वेळेवर सुरू केल्यास बाधित माणूस दीर्घायुषी होतो, आणि विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबला की लैंगिक संबंधांतून लागणही होत नाही. परंतु त्यासाठी माणसाने स्वतःच्या पायांनी दवाखान्यात यावे लागते. स्मॉलवूड यांनी चार दशकांहून अधिक काळ जे मिळविले, तो हा विश्वास होय. राज्यकर्त्यांनी तो दोन-तीन पिढ्यांत गमावला होता. तो परत मिळविण्यास एका परिचारिकेचे आयुष्य लागले, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही.