पॅलेस थिएटरच्या भिंती

नाट्यकलेला राजाश्रय हवा की लोकाश्रय, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. कोल्हापूरच्या एका वास्तूचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचा थोडासा उलगडा होतो.

१८७६ साली इंग्रज सरकारने नाटकांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कर बसला. सरकार रंगभूमीकडे पाही ते संशयाने, नाहीतर वसुलीच्या दृष्टीने! त्याच काळात, १९१३ साली, शाहू महाराजांनी नाट्यगृह बांधावयास घेतले आणि १९१५ साली ते पुरे केले. तेच पॅलेस थिएटर. शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान १९१२ सालीच तयार झाले होते. पैलवान आणि नट, दोघेही महाराजांच्या लेखी सारखेच मानकरी. याच कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली होती. १९२१ साली ते ऐन उमेदीत गेले. पुढे थिएटरला त्यांचे नाव मिळाले.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. राजा गेला, पण राजाने अंगावर घेतलेला खर्च मात्र राहिला. तो आता तुमच्याआमच्या करांतून व्हावयाचा होता.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत सापडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. छप्पर व रंगमंच जळाले. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. पुनर्बांधणीसाठी शासनाने निधी जाहीर केला, हे योग्यच झाले.

परंतु श्रोतेहो, येथेच थोडे थांबले पाहिजे. बांधण्याचे अनुदान सणासारखे असते, राखण्याचे अनुदान रोजच्या भाकरीसारखे. छपराची डागडुजी, विजेच्या तारा तपासणे, आग विझविण्याची साधने सज्ज ठेवणे, या खर्चाला कोनशिला बसत नाही आणि त्यासाठी कोणी हारतुरे आणीत नाही. म्हणून असा खर्च मागणारेही थोडे आणि देणारेही थोडे. सरकारी तिजोरी वास्तूच्या बारशाला उघडते आणि संकटात उघडते; मधली वर्षे तिने कोणाच्या भरवशावर काढावीत?

राजाश्रय एका माणसाच्या रसिकतेवर चालतो. लोकशाहीत ती रसिकता अंदाजपत्रकात दरसाल लिहावी लागते, आणि ती लिहिली जाते की नाही हे पाहणे, हाच आजचा लोकाश्रय होय.