बावनकशी ते नऊशे सोळा

मराठीच्या तासाला 'बावनकशी सोनं' हा शब्द आला की मी मुलांना कसोटीची माहिती देत असे. कसोटी म्हणजे सोनाराचा काळा दगड. त्यावर दागिना घासून रेघ ओढायची, शेजारी माहितीतल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींचा रंग ताडून पाहायचा. वर नायट्रिक आम्ल टाकलं की तांबं विरघळतं, सोनं राहतं. पद्धत चांगलीच, पण रेघ वाचणारा डोळा सोनाराचा. गिऱ्हाइकाकडे फक्त विश्वास.

पुढे सरकारने कसात लक्ष घातलं, ते मात्र वेगळ्याच कारणाने. १९६२च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. सोन्याची मागणी कमी व्हावी म्हणून जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं. चौदा कॅरेटहून जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. मी तेव्हा शाळेत शिकत होते. चौदा कॅरेट म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं. असले दागिने लोकांना नको होते, त्यामुळे असंख्य सोनारांची रोजीरोटी गेली. १९६६मध्ये ती अट उठली. १९६८चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९०पर्यंत टिकला.

भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २०००मध्ये आली, तीही ऐच्छिक. सक्ती सुरू झाली १६ जून २०२१ला, आरंभी २५६ जिल्ह्यांत. आता दागिन्यावर तीन खुणा असतात: ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, कस आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. '२२के९१६' म्हणजे बावीस कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं. क्रमांक ब्युरोच्या मोबाइल ॲपवर ताडून पाहता येतो. 'केडीएम' हा मात्र कसाचा शिक्का नव्हे. कॅडमियम घालून केलेल्या डाकाचं ते नाव. त्याचा धूर कारागिरांच्या फुफ्फुसांना घातक.

हे सगळं का सांगते? आपल्याकडे बाईच्या नावावर घर नसलं तरी अंगावर चार दागिने असत. दुखणं आलं, मुलाची फी आली की पाटली मोडायची. त्या दिवशी सोनार सांगेल तो कस आणि सांगेल ती घट मान्य करावी लागे. अडलेल्या माणसाला घासाघीस कुठून सुचणार?

तेव्हा घरातल्या लेकीसुनांना या तीन खुणा वाचायला शिकवा, आणि पावती जपून ठेवा.