मरुभूमीची सहल आणि पाण्याचा हिशेब

चैत्र सरत आला की घराघरांतून दोन गोष्टी बाहेर निघतात. एक माठ, आणि दुसरी पुढच्या सुटीची चर्चा. यंदा थंडीत कोठे जावयाचे, किती दिवस, गाडी कोणती, उतरावयाचे कोठे, या प्रश्नांवर जेवणाच्या पाटावर वाद सुरू होतात. अलीकडे या वादांत जैसलमेरचे नाव वारंवार ऐकू येते. वाळूच्या टेकड्या, उंटावरची रपेट, पिवळ्या दगडाचा किल्ला आणि रात्री उघड्या आभाळाखाली मुक्काम! थोडे साहस व पुष्कळसे प्रेक्षणीय, असा हा बेत शहरवासी माणसाला मोहात पाडील यात नवल नाही. आम्हीही त्या मोहात सापडलो होतो. त्या वेळी आमच्या मंडळींनी केलेली सामानाची यादी अजून आमच्याजवळ आहे. तीत गरम कपडे, कॅमेरा, औषधे, फरसाण, पत्त्यांचे जोड, सर्व काही आहे. पाण्याचा उल्लेख मात्र एकदाच येतो, आणि तोही ‘बाटल्या तेथे मिळतील’ एवढाच.

बाटल्या तेथे मिळाल्या, हे खरे. परंतु परत आल्यावर त्या प्रदेशाचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली. ज्या वाटांवर शतकानुशतके माणसे प्रथम पाण्याचा हिशेब करून मगच घराबाहेर पडत, त्या वाटांवर आम्ही तो हिशेब न करताच हिंडून आलो होतो. हा हिशेब पूर्वी कसा होता, तो केव्हा बदलला आणि त्या बदलाची किंमत आज कोण देतो आहे, याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम निसर्गाची देणगी किती, हे पाहू. जैसलमेरच्या परिसरात वर्षाकाठी सरासरीने जेमतेम १५ ते २० सेंटीमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ या एका दिवसात मुंबईच्या सांताक्रूझ भागात ९४ सेंटीमीटर पाऊस पडला, हे आपणांस स्मरत असेल. तेवढे पाणी जैसलमेरच्या वाट्याला यावयास पाच-सहा वर्षे लागतात. शिवाय तो पाऊसही दरवर्षी नेमाने येईल असे नाही.

तरीही हा प्रदेश ओसाड राहिला नाही, याचे कारण तेथील लोकांची पाण्याविषयीची जाण होय. आपण सरसकट ‘पाणी’ म्हणतो. ते तीन पाणी मानतात. आकाशातून पडून तळ्यात किंवा टाक्यात साठते ते पालर पाणी. जमिनीत खोल असते ते पाताळ पाणी. ते पुष्कळदा खारट असते. आणि या दोहोंच्या मधले ते रेजाणी पाणी. काही ठिकाणी वाळूच्या खाली खडूसारख्या जिप्समचा थर आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते, पण त्या थरामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ओलाव्याच्या रूपाने वाळूतच अडकून राहते. अरुंद तोंडाची कुंई खणून त्यात तो ओलावा थेंबाथेंबाने पाझरू द्यावयाचा आणि दिवसाकाठी दोन-चार घागरी काढावयाच्या, ही युक्ती ज्यांनी शोधली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. तीच गोष्ट खडीनाची. उताराच्या पायथ्याशी बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवावयाचे, ते जमिनीत मुरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यावयाचा. पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत विशेष नावारूपास आणली. माणदेशातील किंवा जतकडील श्रोत्यांना या कसबाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता या प्रदेशातून जाणाऱ्या प्रवाशाकडे वळू. सिंध व मुलतानकडून राजपुताना आणि गुजरातकडे जाणारे व्यापारी काफिले या वाटांनी जात. त्यांच्या प्रवासाचा आराखडा विहिरींवरून ठरे. मुक्काम कोठे करावयाचा हे गाव पाहून नव्हे, तर पाणी पाहून ठरत असे. कोणती विहीर गोड, कोणती खारी, किती जनावरांना पुरेल, गेल्या पावसाने तिची स्थिती काय झाली, हे ज्याला ठाऊक तोच वाटाड्या. उंट अनेक दिवस पाण्यावाचून चालू शकतो हे खरे. पण पाणी मिळाले की तो दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊन टाकतो, हेही हिशेबात धरावे लागे. मोठा काफिला लहान विहिरीवर उतरला तर विहीर आटे आणि मागून येणाऱ्याचा जीव जाई.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका बादशहाचे आहे. १५४० साली कनौजच्या लढाईत शेरशहाकडून पराभूत झालेला हुमायून आश्रयासाठी वणवण फिरत होता. सिंधमध्ये त्याचे जमले नाही. जोधपूरच्या मालदेवाचे निमंत्रण मिळाले म्हणून तो मारवाडकडे निघाला; परंतु मालदेवाच्या मनात काही वेगळेच असल्याचा संशय येऊन १५४२ च्या उन्हाळ्यात तो जैसलमेरच्या वाटेने उलट फिरला. बरोबर गरोदर बेगम हमीदाबानू आणि उरलेले थोडे लोक. हे लोक आपल्या मुलखात न विचारता शिरले, त्यांनी येथे गाई मारल्या, अशी जैसलमेरकरांची तक्रार होती. त्यांनी तलवार फारशी उपसली नाही. वाटेवरच्या विहिरी वाळूने बुजविल्या, एवढेच केले.

पुढची हकीकत अंगावर काटा आणणारी आहे. एके ठिकाणी विहीर इतकी खोल होती की मोट वर आली हे बैल हाकणाऱ्याला कळावे म्हणून ढोल वाजवावा लागे. ढोल वाजला की तहानेने वेडे झालेले लोक मोटेवर तुटून पडत. त्या झोंबाझोंबीत दोर तुटले, माणसे विहिरीत पडली. पुढे पाणी सापडले तेव्हा कित्येक दिवसांचे तहानलेले उंट इतके प्याले की मेले. अखेर ही मंडळी उमरकोटला पोचली. तेथील राण्याने आसरा दिला आणि १५ ऑक्टोबर १५४२ रोजी तेथेच अकबराचा जन्म झाला. हिंदुस्थानच्या इतिहासातील एक मोठे पर्व त्या उन्हाळ्यात दोन-चार मोटा पाण्यावर लोंबकळत होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

अशा प्रदेशात रावळ जैसल याने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर किल्ला बांधावयास घेतला. टेकडी सुमारे ७६ मीटर उंच. किल्ल्याला ९९ बुरूज, आणि आत राजवाडा, जैन मंदिरे व नागरी वस्ती. ती वस्ती आजही आहे. किल्ल्यात अजून काही हजार माणसे नांदतात. चौदाव्या शतकात रावळ घडसीच्या नावाने प्रसिद्ध असलेला गडीसर तलाव शहराचे मुख्य जलस्थान बनला. तळ्यावरून बायका डोक्यावर घागरी घेऊन येत, तेव्हा घरात पाणी येई. जे पाणी मानेवर वाहून आणावे लागते, ते कोणी गटारात सोडीत नाही. म्हणून किल्ल्यातील घरांना मोठ्या मोऱ्यांची आवश्यकताच नव्हती. घरांची छपरे मातीची, टेकडीच्या पोटात वालुकाश्माबरोबर ठिसूळ मातकट थर. पण पाणीच बेताचे, त्यामुळे कोठे बिघडले नाही.

काफिल्यांच्या जकातीवर व व्यापारावर हे शहर गबर झाले. गुमानचंद पटवा याने १८०५ च्या सुमारास आरंभिलेल्या पाच हवेल्या त्या वैभवाची साक्ष देतात. पण त्याच शतकात वैभव उतरणीस लागले, आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. मुंबई बंदर भरभराटीस आले, आगगाड्या धावू लागल्या आणि माल समुद्रमार्गे जाऊ लागला. उंटाची वाट कोण धरणार? पेढीवाले व्यापारी एकेक करून अन्यत्र गेले. कुलधरा व आसपासची पालीवालांची गावेही त्याच शतकात उजाड झाली. दिवाण सालिमसिंगाच्या जुलमामुळे ती एका रात्रीत सोडली, अशी दंतकथा वाटाडे रंगवून सांगतात. अभ्यासकांना मात्र करांच्या ओझ्याइतकेच आटत चाललेले पाणीही कारण वाटते. उरलासुरला व्यवहार १९४७ च्या फाळणीने संपविला. सिंधकडे जाणारी वाट आता दुसऱ्या देशात गेली होती.

मग मेलेले शहर पुन्हा जिवंत कसे झाले? येथे इतिहासाची गंमत आहे. ज्या सीमेने व्यापार मारला, त्याच सीमेने रस्ते आणले. १९६५ च्या युद्धानंतर संरक्षणासाठी दळणवळण आवश्यक ठरले, आणि १९६८ साली रेल्वे जैसलमेरला पोचली. १९७४ साली सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा बंगाली चित्रपट आला, आणि त्यातील सोनेरी किल्ला पाहावयास बंगाली मंडळींची रीघ लागली. पाठोपाठ देशी-परदेशी प्रवासी आले. दरम्यान १९५८ साली पंजाबातील हरिके येथून निघालेल्या राजस्थान कालव्याचे काम चालूच होते. पुढे इंदिरा गांधींचे नाव मिळालेल्या या कालव्याने १९८० नंतरच्या दशकात सतलज-बियासचे पाणी जैसलमेर जिल्ह्यात आणले. शतकानुशतके घागरीने मोजलेले पाणी आता नळाने येऊ लागले. या गोष्टीचे दुःख कोणी करू नये. मैलोगणती पाणी वाहणाऱ्या बायकांच्या माना मोकळ्या झाल्या, यापेक्षा मोठी सुधारणा कोणती?

परंतु नळ आला तो कोरड्या टेकडीवर. किल्ल्यातील जुन्या घरांत प्रवाशांसाठी उतारे निघाले. प्रत्येक खोलीला न्हाणीघर, संडास आणि पाण्याची मुबलक सोय. आठशे वर्षांत जेवढे पाणी त्या टेकडीने पाहिले नव्हते, तेवढे ती रोज पिऊ लागली. फुटक्या नळांतून, तुंबलेल्या गटारांतून ते पायात मुरले. मातकट थर भिजले, भिंती फुगल्या आणि १९९० नंतरच्या दशकात काही बुरूज ढासळले. १९९६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा किल्ला जगातील धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत घातला. पुढे दुरुस्त्या झाल्या, सांडपाण्याच्या व्यवस्थेवर काम झाले, आणि २०१३ साली राजस्थानातील इतर पाच डोंगरी किल्ल्यांसह त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तथापि टेकडीचा स्वभाव मानपत्राने बदलत नाही. शत्रूंच्या वेढ्यांतून निभावलेल्या किल्ल्याला आज भय आहे ते पाहुण्याच्या स्नानाच्या पाण्याचे.

आम्ही स्वतः त्या किल्ल्यातच उतरलो होतो. दिवसभर वाळूत हिंडून आल्यावर मंडळींपैकी प्रत्येकाने दोन-दोन बादल्या पाणी अंगावर घेतले, आणि किती छान सोय आहे म्हणून मालकाची पाठ थोपटली. मालकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या दारी पाहुणा येतो, म्हणून तर त्याच्या मुलांच्या शाळेची फी निघते. प्रवासीच येऊ नयेत असे म्हणणारा माणूस त्या गावाचे पोट मारील. तेव्हा न जाणे हा उपाय नव्हे. जाण्याची रीत बदलणे हा उपाय आहे.

म्हणून ज्यांचा यंदा बेत ठरत असेल, त्यांना आमची विनंती आहे. जावे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. तेव्हा दिवस सुखाचा असतो, पण रात्री कडाक्याची थंडी पडते, हे ध्यानात ठेवावे. किल्ला पायी आणि सावकाश पाहावा, त्यातील रहिवाशांच्या दुकानांतून खरेदी करावी, मात्र मुक्कामाला खाली गावात उतरावे. पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. तेथे उंटावर बसण्यापूर्वी त्या उंटाने पाणी कोठे प्यायले, हे उंटवाल्याला विचारावे. एवढ्या एका प्रश्नावर तो अर्धा तास बोलेल, आणि आपली सहल सार्थकी लागेल. अकल येथे दगड झालेली कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडे पाहावीत, म्हणजे हा प्रदेश नेहमीच कोरडा नव्हता, हे कळेल. एखादे खडीन पाहावे. हवेलीपेक्षा ते कमी प्रेक्षणीय नाही. आणि ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूस गेलात, तर माळढोक दिसतो का पाहावा. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे याच पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, पण आता तेथे तो क्वचितच आढळतो. जगात उरलेल्या शे-दीडशे माळढोकांपैकी बहुतेकांचा आसरा आता जैसलमेरचा परिसर हाच आहे.

पूर्वी वाळवंटात पाण्याचा हिशेब चुकला तर ज्याचा चुकला तोच मरे. हुमायूनाच्या माणसांनी ती किंमत रोखीने दिली. आज आपला हिशेब चुकला तरी आपले काहीच बिघडत नाही. आपण तिसऱ्या दिवशी गाडीत बसून घरी येतो. चुकीचे पाणी मागे राहते आणि दुसऱ्याच्या घराच्या पायात मुरत जाते. आपल्याकडे जुनी माणसे परगावी गेली की यजमानाच्या रांजणाकडे एक नजर टाकून मगच हातपाय धूत. ही नजर बरोबर न्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. आमच्या यादीत आता आम्ही पाणी हा शब्द सर्वांत वर लिहिला आहे.