जुन्या पिकअपचा स्टिअरिंग कॉलम: डागडुजीच्या संस्कृतीची एक मर्यादा

१/ पुण्यात लहान मालवाहू गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हे नाव मुळात हॅम्बुर्गच्या एका वाहन कारखान्याचे. स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन केली. तिची तीनचाकी गाडी इतकी रुळली की विशेषनामाचे सामान्यनाम झाले.

२/ पुढे टेल्कोने पिंपरीच्या कारखान्यातून १९८६ मध्ये ‘४०७’ हा हलका ट्रक आणि १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल’ ही पिकअप बाजारात आणली. १९९१ ची सिएरा याच पिकअपच्या पायावर उभी राहिली.

३/ परवाना-राजच्या काळात वाहने मोजकी आणि प्रतीक्षा लांब होती. त्यामुळे गाडी टाकून देणे कोणाला परवडत नसे. घासलेले घडवायचे, तुटलेले जोडायचे, हा गॅरेजचा धर्म झाला. नाना पेठेतील सुट्या भागांची बाजारपेठ त्याच गरजेवर पोसली गेली.

४/ मात्र एका भागापाशी हा धर्म थांबायला हवा. चालकाच्या हातातील चाक आणि खालचा स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणारा दांडा म्हणजे स्टिअरिंग कॉलम. वर्षानुवर्षांच्या वापराने त्यातील बुश झिजतात, क्रॉस सैल होतात, दातेरी जोड घासतात. मग चाक थोडे फिरवले तरी गाडी वळत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘प्ले आलाय.’

५/ हा दांडा दीर्घकाळ सरळ आणि अखंड असे. समोरासमोर धडक झाली की तो भाल्यासारखा मागे सरकून चालकाच्या छातीवर येई. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी धडकेत दबणाऱ्या कॉलमच्या रचनेवर काम केले. १९६७ च्या सुमारास मर्सिडीज आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत असे कॉलम दिसू लागले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना त्याविषयीचे सुरक्षा-मानक लागू झाले.

६/ म्हणूनच तुटलेल्या दांड्यावर वेल्डिंग करणे धोक्याचे. उष्णतेने पोलादाचा गुणधर्म बदलतो आणि जोडाजवळ तडा जाण्याची शक्यता वाढते. दबण्यासाठी घडवलेला भाग वेल्डिंगने जाम झाला, तर गाडी १९६७ च्या आधीच्या काळात परतते.

७/ बुश किंवा क्रॉस झिजला असेल, तर अनेकदा तेवढाच बदलता येतो. दांडा वाकला असेल किंवा दाते घासले असतील, तर पूर्ण कॉलम बदलावा. काम सुरू करण्यापूर्वी पुढची चाके सरळ करतात, बॅटरीची तार काढतात आणि जोडावर खूण करतात. ती खूण चुकली, तर गाडी सरळ धावतानाही हातातले चाक तिरके राहते. नवा कॉलम हातोडीने ठोकून बसवत नाहीत, कारण दबण्यासाठी केलेला भाग त्या ठोक्यानेच निकामी होऊ शकतो. शेवटी बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळतात आणि दोन्ही बाजूंना चाक पूर्ण फिरवून पाहतात.

८/ डागडुजीने पुण्याच्या कित्येक कुटुंबांचा रोजगार टिकवला, हे खरेच. पण कोणता भाग जोडायचा आणि कोणता टाकायचा, हे ओळखणे हाही त्याच कारागिरीचा भाग आहे. स्टिअरिंग कॉलमच्या बाबतीत ते ठरवताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात चालकाचा जीव असतो.