रंगाच्या इंजेक्शनची कुळकथा

नातेपुत्याहून पुण्याला जाऊन डोळ्याच्या पडद्याची अँजिओग्राफी करून आलेला मधुमेही घरी पोचतो, तेव्हा चेहरा पिवळट दिसतो, लघवी गडद नारिंगी होते. घरच्यांना काविळीची शंका येते. ती कावीळ नव्हे. हाताच्या शिरेत टोचलेला फ्लुरोसिन नावाचा रंग मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असतो. कातडीचा पिवळेपणा काही तासांत ओसरतो, लघवीचा रंग दीड दिवसात. हे आधीच सांगितलं, तर घरच्यांची एक रात्र काळजीत जात नाही.

हा रंग १८७१ साली जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी बनवला. डॅन्यूबचं जमिनीत मुरणारं पाणी कुठे निघतं हे शोधायला १८७७ मध्ये त्याचा दहा किलो साठा नदीत सोडला. सुमारे ६० तासांनी आख नदीचा झरा हिरवा चमकू लागला. पुढे पाउल एर्लिख यांनी सशाच्या डोळ्यातला द्रव कसा वाहतो हे त्याच रंगाने पाहिलं.

माणसाच्या पडद्यातल्या शिरांची छायाचित्रं मात्र १९५९ मध्ये निघाली, इंडियानापोलिसच्या हॅरल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड आल्विस या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हातून. सुई कोणी टोचून घ्यायची यासाठी नाणं उडवलं, आल्विस हरले. निळ्या प्रकाशात हिरवा उजळणारा रंग रक्ताबरोबर पडद्यात शिरताना कॅमेऱ्याने टिपला. नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकाने लेख नाकारला. १९६१ मध्ये तो ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला. रुग्णाआधी स्वतःचा हात पुढे करणाऱ्या या तरुणांबद्दल मला फार आदर वाटतो.

टोचल्यावर मिनिटभरात काहींना मळमळतं, क्वचित उलटी होते आणि लगेच निवळते. रंग शिरेबाहेर सांडला तर हात भयंकर झोंबतो. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली तर ती ॲलर्जी. पुढच्या तपासणीआधी ती डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. श्वास कोंडणं, रक्तदाब कोसळणं विरळा. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत सुमारे २,२२,००० तपासण्यांमागे एक मृत्यू आढळला. तरीही ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी नसेल तिथे हे इंजेक्शन घेऊ नये. पडद्यामागचा थर पाहायला इंडोसायनिन ग्रीन वापरतात. त्यात आयोडीन असल्याने आयोडीनच्या ॲलर्जीची चौकशी आधी होते.

आता आलेल्या ओसीटी अँजिओग्राफी या तपासणीला सुई लागत नाही, रक्त कुठे फिरतं ते प्रकाशानेच कळतं. पण मधुमेहात शिरा नेमक्या कुठे झिरपतात हे तिला दाखवता येत नाही. त्यासाठी बायरचा रंगच टोचावा लागतो.